एका जनुकासाठी कोणता प्राणी?

मूल तीन वर्षांचं होत आलं तरी बोलत नाही, मधूनच झटके येतात, म्हणून जनुकीय तपासणी होते. अहवालात एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडतं आणि पुढे शेरा असतो, 'महत्त्व अनिश्चित'. हा बदल आजाराचं कारण आहे की निरुपद्रवी, हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. वाढत्या मेंदूत ते जनुक काय काम करतं हे पाहावं लागतं, आणि मुलाच्या मेंदूत तसं डोकावता येत नाही. म्हणून प्राणी लागतात.

बदल घातक आहे का, एवढंच विचारायचं असेल तर फळमाशी पुरते. २५ अंश सेल्सिअसला तिची नवी पिढी साधारण १० दिवसांत तयार होते. माशीचं स्वतःचं जनुक बंद करून त्या जागी माणसाचं बसवतात: एका गटात निरोगी माणसाचं, दुसऱ्यात रुग्णाचं. निरोगी जनुकाने माशी सावरली आणि रुग्णाच्या जनुकाने सावरली नाही, तर संशय बळावतो. पण निरोगी जनुकानेही ती सावरत नसेल, तर त्या प्रयोगावरून रुग्णाबद्दल काहीही म्हणता येत नाही.

मेंदू घडताना पाहायचा असेल तर झेब्राफिश. त्याचं भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतं, पारदर्शक असतं आणि पाचव्या दिवशी पिल्लू पोहत असतं. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जुळणारं जनुक आहे. सीएचडी८ हे जनुक बिघडलेल्या अनेक मुलांचं डोकं मोठं असतं आणि त्यांना पोटाच्या तक्रारीही असतात. माशात हेच जनुक दडपलं तेव्हा डोकं मोठं झालं आणि आतड्याची हालचालही मंदावली. अडचण अशी, की माशात बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन प्रती आहेत. उदाहरणार्थ, माणसात ऑटिझमशी जोडलेल्या शँक३ या जनुकाच्या जागी माशात दोन जनुकं आहेत. एकच तोडलं तर दुसरं काम ओढून नेऊ शकतं आणि 'परिणाम नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो.

वागणूक आणि उपचार यांच्यासाठी अजूनही उंदीरच लागतो, आणि चुका होण्याच्या जागाही इथेच सर्वांत जास्त. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रात, २० अक्षरांच्या जुळणीने नेमकी जागा शोधणारा मार्गदर्शक आरएनए आणि ती जागा कापणारं कॅस९ प्रथिन एकपेशीय भ्रूणात टोचतात. जन्मणारी पहिली पिढी बहुधा मिश्र असते: काही पेशींत बदल झालेला, काहींत नाही. म्हणून तिच्यावर चाचण्या करत नाहीत. तिचा संकर साध्या उंदरांशी करतात, पिल्लांच्या कानाचा छोटा तुकडा घेऊन पीसीआरने जनुक तपासतात, आणि पुढच्या पिढ्या वापरतात.

मग वाणाचा प्रश्न येतो. एफव्हीबी वाणाच्या उंदरांची दृष्टी लहानपणीच जाते. त्यांना पाण्यात लपलेला मंच खुणा पाहून शोधायला लावलं, तर स्मरणशक्ती नव्हे, आंधळेपण मोजलं जाईल. सी५७ वाणाला वयाबरोबर कमी ऐकू येतं. एका मादीची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र निरीक्षणंही नव्हेत. गर्भाशय एक, आईची देखभाल एक. संख्याशास्त्रात वीण, म्हणजे एकाच वेळी जन्मलेली पिल्लं, हा घटक धरला नाही तर नसलेला फरक दिसू लागतो. १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी तेच वाण, तीच उपकरणं आणि तेच वेळापत्रक ठेवून चाचण्या केल्या, तरी काही निकाल जुळले नाहीत. उंदीर हाताळणारी व्यक्ती बदलली तरी वागणूक बदलू शकते.

इतकं असूनही उंदराने जे दाखवलं ते फार मोलाचं आहे. रेट सिंड्रोम हा मुख्यतः मुलींना होणारा मेंदूच्या वाढीचा आजार एमईसीपी२ जनुकाच्या बिघाडातून होतो, हे १९९९ मध्ये कळलं. एडिंबरा इथल्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदराच्या त्या जनुकात एक अडसर बसवला, टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच निघेल असा. उंदीर आजारी पडल्यावर औषध दिलं. जनुक एकदम सुरू केलं तेव्हा जवळपास निम्मे उंदीर दगावले; औषध हळूहळू दिल्यावर मात्र थरथर आणि श्वासाचे त्रास कमी झाले, चाल सुधारली. २००७ चा हा निकाल. तोवर हा मेंदू कायमचा बिघडतो असंच बहुतेकांना वाटत होतं. प्रथिनाची मात्रा जपावी लागते हा धडा आजच्या जनुकोपचारालाही लागू आहे, कारण एमईसीपी२ जास्त झाल्यानेही मुलांना गंभीर आजार होतो.

शँक३ ची गोष्ट जरा वेगळी. प्रौढ उंदरात ते पुन्हा सुरू केल्यावर सतत अंग चाटणं कमी झालं आणि इतर उंदरांत मिसळणं वाढलं. भीती आणि हालचालींतला अनघडपणा मात्र तसाच राहिला. तो सुधारायला जनुक फार लवकर सुरू करावं लागलं. म्हणजे एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या लक्षणांसाठी उपचाराची मुदत वेगवेगळी असू शकते. पालकांना आशा देताना हा भेद सांगायलाच हवा.

सर्वांत मोठा फटका फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमता आणणाऱ्या आनुवंशिक आजारात बसला. माणसात एफएमआर१ जनुकातली सीजीजी ही तीन अक्षरं २०० पेक्षा जास्त वेळा आली की जनुक गप्प होतं. उंदरात इतकी लांबी देऊनही ते गप्प होत नाही, म्हणून बहुतेक प्रयोगांत ते सरळ काढून टाकलेले उंदीर वापरतात. त्या उंदरांत एमग्लुआर५ हा चेतापेशींवरचा संदेश घेणारा ग्राही रोखला की झटके कमी होत आणि चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, सुधारत. पण मॅव्होग्लुरंट हे त्याच तत्त्वावरचं औषध किशोर आणि प्रौढ रुग्णांत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. माणसात मोजली होती पालकांच्या प्रश्नावलीतली वागणूक, उंदरात आवाजाने येणारे झटके; दोन्हींचा मेळ घालणं मुळातच कठीण होतं.

म्हणून आता दोघांतही सारखंच मोजता येईल अशा खुणांवर भर आहे. एफएमआर१ नसलेल्या उंदरांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, गॅमा या जलद लहरींचा जोर वाढलेला असतो, आणि फ्रॅजाइल एक्सच्या रुग्णांतही तो वाढलेला आढळतो. उंदरात औषधाने हा जोर उतरतो का, हे आधी पाहायचं आणि रुग्णाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून तेच पुन्हा मोजायचं.