कुवेतहून परतलेल्यांचे 2,500 डॉलर

2 ऑगस्ट 1990 च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले, तेव्हा मुंबईला ती परक्या मुलखातली बातमी वाटली नाही. तेल सापडण्याच्या आधीपासून कुवेतचे व्यापारी मोती विकायला इथल्या बाजारात येत. 1961 मध्ये स्वतःचा दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा. मरीन ड्राइव्हवरची अल-सबाह कोर्ट ही इमारत आजही तिथल्या राजघराण्याचं नाव मिरवते. इथून तिकडे गेले ते फिटर, ड्रायव्हर, कारकून, परिचारिका. रत्नागिरी, चिपळूण, महाडकडची कितीतरी घरं आखातातून येणाऱ्या पैशावर उभी राहिली होती.

त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 660 मंजूर करून इराकला बिनशर्त माघार घ्यायला सांगितलं. 6 ऑगस्टला व्यापारबंदी आली. इराकने कुवेत आपल्यात विलीन केल्याचं जाहीर करताच, 9 ऑगस्टला ठराव 662 ने ते विलीनीकरण कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरवलं. दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवर बळाचा वापर करू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 2(4) मध्ये 1945 पासून लिहिलेलं आहे. 1974 मध्ये आमसभेने आक्रमणाची व्याख्याही केली. तरीही शीतयुद्धात परिषद नकाराधिकारात, म्हणजे एका बड्या कायम सदस्यानेही ठराव पाडण्याच्या हक्कात, अडकून पडायची. 1990 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका बाजूला आले, म्हणून हे कलम कागदावरून खाली उतरलं.

भारत तेव्हा परिषदेचा सदस्य नव्हता. त्याच्यापुढचा प्रश्न कुवेतमध्ये अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांचा होता. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेन यांनी त्यांना मारलेली मिठी जगभर छापून आली आणि भारतावर टीका झाली. आपल्या माणसांची काळजी खरी होती, हे मान्य. पण आक्रमणाला आक्रमण म्हणायला आपण घेतलेला वेळ मला आजही खटकतो. त्या भेटीनंतर वाट मोकळी झाली. माणसं बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये पोहोचली आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणू लागली. सुमारे दोन महिन्यांत 488 फेऱ्या झाल्या, लाखावर माणसं परतली. सहार विमानतळावर उतरणाऱ्या अनेकांकडे एका पिशवीपलीकडे काही नव्हतं. पगार, बचत, घरातलं सामान सगळं तिकडेच राहिलं होतं.

मागे राहिलेल्यांना अन्न पाठवायचं तर निर्बंध आडवे येत. सप्टेंबरमध्ये ठराव 666 ने मानवतेच्या कारणासाठी अन्न पाठवण्याची रीत ठरवली आणि निर्बंध समितीच्या परवानगीने भारताचं ‘विश्वसिद्धी’ हे जहाज धान्य घेऊन गेलं.

युद्धाचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. ठराव 678 ने इराकला माघारीसाठी 15 जानेवारी 1991 ची मुदत दिली, ती टळली आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांची बॉम्बफेक सुरू झाली. मुंबईच्या विमानतळावर अमेरिकी लष्करी विमानांना इंधन भरू दिल्यावरून चंद्रशेखर सरकारवर टीकेची झोड उठली आणि फेब्रुवारीत ते थांबवावं लागलं.

यानंतर जे घडलं त्याची आठवण फार कमी लोक काढतात. 3 एप्रिल 1991 च्या ठराव 687 ने, बेकायदा आक्रमण आणि ताब्यामुळे थेट झालेल्या प्रत्येक नुकसानाला इराक जबाबदार आहे, असं ठरवलं. तोवर सदस्य झालेल्या भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. जिनिव्हात भरपाई आयोग बसला आणि त्याच्या निधीसाठी इराकच्या तेलविक्रीतला वाटा राखून ठेवण्यात आला. आयोगाने रांग उलटी लावली, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारं आणि तेल कंपन्या मागे, सामान्य माणसांचे दावे पुढे. युद्धामुळे देश सोडावा लागला एवढं सिद्ध झालं की एकट्याला 2,500 डॉलर, कुटुंबाला 5,000. नुकसानीच्या प्रकारानुसार दाव्यांचे वर्ग होते; दुसऱ्या वर्गात दावा करणार नाही असं लिहून दिलं, तर 4,000 आणि 8,000. दावे सरकारमार्फत जायचे, त्यामुळे चिपळूणच्या फिटरला जिनिव्हात वकील लावायची गरज नव्हती.

वाट मात्र लांबली. संयुक्त राष्ट्रांच्या अटी मान्य नसल्याने इराक तेलच विकेना. 1996 च्या अखेरीस निर्बंधांतही तेल विकून अन्न घेऊ देणारी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना सुरू झाल्यावर पैसा नियमित येऊ लागला. शेवटी सुमारे 27 लाख दाव्यांतून जवळपास 15 लाख दावेदारांना मिळून 52.4 अब्ज डॉलर मंजूर झाले. मागणी 352 अब्जांची होती. हे पैसे ज्यांच्या तेलातून वळते झाले त्या इराकी जनतेने आक्रमणाचा निर्णय घेतला नव्हता आणि निर्बंधांत होरपळली तीच, हेही या हिशेबात धरलं पाहिजे.

शेवटचा हप्ता जानेवारी 2022 मध्ये कुवेतला मिळाला. 22 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने एकमताने आयोगाचं काम संपल्याचा ठराव केला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे होतं. दोन दिवसांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

या वेळी ठराव 660 सारखं काही घडू शकलं नाही. 25 फेब्रुवारीचा निषेधाचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. भारत तटस्थ राहिला. 2 मार्चला आमसभेत 141 देशांनी माघारीची मागणी केली, पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. 16 मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश 13 विरुद्ध 2 मतांनी दिला. बहुमतात न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. रशियाने आदेश पाळला नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला 2018 पासून आक्रमणाच्या गुन्ह्याचा अधिकार आहे, पण सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकांवर तो चालत नाही. 2023 मध्ये युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेने हेगमध्ये युक्रेनच्या नुकसानीची नोंदवही उघडली. एप्रिल 2024 पासून तिथे घर उद्ध्वस्त झालेल्यांचे अर्ज घेतले जाऊ लागले. मात्र रशियाच्या तेलातला वाटा वळता करण्याचा हुकूम देणारी सुरक्षा परिषद या नोंदवहीच्या पाठीशी नाही.