मोठं बेणं लावलं म्हणून बटाटा मोठा होत नाही

सोलापूरच्या मार्केट यार्डात बेण्याच्या गोण्या उघडल्या की थोराड बटाटे आधी उचलले जातात. समज जुना आहे: मोठ्याच्या पोटी मोठा.

तसं नसतं. एका झाडाचे सगळे बटाटे, लिंबाएवढा असो की मुठीएवढा, जनुकांनी सारखेच. बटाटा बियांपासून नव्हे, कंदापासून वाढतो. म्हणजे ती त्याच झाडाची नक्कल. उलट मोठ्या बेण्याला डोळे जास्त, म्हणून खोडं जास्त, म्हणून खाली बटाटे संख्येने जास्त आणि आकाराने लहान.

आकार खरा ठरतो तो वाणात. बटाट्यात 12 गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण 48, त्यामुळे पैदास फार किचकट. 2011 मध्ये त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. गोल की लांबट, हे बरंचसं दहाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेवरून ठरतं. पीक लवकर की उशिरा तयार होणार, हे पाचव्यावरच्या एका जनुकावरून. उत्पादनाला मात्र असा एकच धनी नाही. अनेक जनुकं थोडा थोडा भार उचलतात आणि हवामान त्यात हात घालतं. रात्री उकाडा राहिला तर कंद नीट धरतच नाहीत, म्हणून आपल्याकडे कुफरी सूर्यासारखा उष्णता सोसणारा वाण मोलाचा.

एक गोष्ट मात्र खरी: विषाणू लागलेल्या झाडाचे बटाटे बारीक राहतात. तेव्हा मिसळलेल्या ढिगातलं बारीक निवडू नका. प्रमाणित, निरोगी बेणं घ्या, मध्यम आकाराचं.