चेहऱ्यांचा कोपरा की सरावाचा? एका वादाची पार्श्वभूमी

जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी पोपटासारख्या बाकदार नाकावरून ओळखायची, इतकीच आपली मजल. त्याच कळपातली प्रत्येक मेंढी धनगराला मात्र तोंडावरून वेगळी दिसते. मेंदूतला जो भाग चेहऱ्यांचा म्हणून सांगतात, तो खरोखर चेहऱ्यांसाठीच आहे, की अशा कुठल्याही मुरलेल्या नजरेसाठी? गेली पंचवीसेक वर्षं भांडण आहे ते यावरच.

युद्धात मेंदूला इजा झालेल्या, डोळे शाबूत असूनही ओळखीचे चेहरे न ओळखणाऱ्या रुग्णांचं वर्णन 1947 साली जर्मनीत छापून आलं. उलटा धरलेला फोटो इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांच्या बाबतीत जास्त घोटाळ्यात टाकतो, हे 1969 साली दाखवलं गेलं.

खरी ठिणगी 1997 ची. एमआरआयमध्ये 15 पैकी 12 जणांच्या मेंदूच्या खालच्या अंगाला, बहुधा उजवीकडे, असा भाग सापडला की जो वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देतो. त्याला थेट ‘चेहऱ्यांचा भाग’ ठरवून टाकलं गेलं. 2000 साली विरोधकांनी, म्हणजे हा भाग सरावाचा मानणाऱ्यांनी, पक्षी आणि मोटारींचे जाणकार तपासले. आपापल्या विषयाची चित्रं पाहताना त्यांचाही तोच भाग जास्त चेतला. (आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात याहून तयार नजरा मिळाल्या असत्या.) पण हा प्रतिसाद चेहऱ्यांइतका जोरकस नव्हता, आणि विरोधक ही गोष्ट फार हलक्यात घेतात असं मला वाटतं. शिवाय 1993 सालची एक नोंद त्यांना अडचणीची आहे: पक्षाघातानंतर माणसांचे चेहरे ओळखता न येणाऱ्या एका गृहस्थाने मेंढ्या पाळल्या आणि त्या एकेक करून ओळखायला तो शिकला. दोन्ही कामं एकाच यंत्रणेची असती, तर मेंढ्याही हुकल्या असत्या. चेहऱ्यांबरोबर पक्ष्यांचीही ओळख गमावलेल्या पक्षीनिरीक्षकाची नोंदही आहेच, पण तिथे इजा जास्त पसरलेली असू शकते.

पुढे माकडांवर काम सरकलं. 2006 साली अशाच एका भागातल्या तपासलेल्या पेशींपैकी 97 टक्के चेहऱ्यांनाच प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. 2017 साली सुमारे 200 पेशींच्या हालचालींवरून माकडाने पाहिलेला चेहरा जवळपास हुबेहूब परत रेखाटता आला. एक पेशी म्हणजे एक ओळखीचा माणूस, असा तिथे हिशेब नाही. ठेवण, रंगछटा अशा एकेका अक्षावर चेहरा कुठे बसतो, हे प्रत्येक पेशी मोजते.

त्याच वर्षी आलेला दुसरा निकाल दोन्ही बाजूंना टोचणारा होता. जन्मापासून एकही चेहरा न दाखवता वाढवलेल्या माकडांमध्ये हा भाग तयारच झाला नाही. हातांना प्रतिसाद देणारा भाग मात्र नीट घडला होता.