पार्श्वभूमी : झिरपते काँक्रीट आणि मोजणीचा वाद

झिरपते काँक्रीट, म्हणजे पाणी आरपार जाऊ देणारे काँक्रीट, मुळात रस्त्यासाठी नव्हतेच. वाळू वगळायची, साधारण एकाच मापाची खडी घ्यायची आणि प्रत्येक दाण्यावर लेप बसेल एवढाच सिमेंटचा गारा वापरायचा, ही कृती १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये दोन घरांसाठी आणि ६१ मीटर लांबीच्या एका सागरी बांधासाठी वापरली गेली. १९२३ मध्ये ती हॉलंडहून स्कॉटलंडला पोचली आणि एडिनबरोजवळ पन्नासेक घरे उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर सिमेंटची टंचाई होती, तेव्हा ती युरोपभर पसरली. भिंतींना तिचा फायदा सरळ होता. सिमेंट कमी लागते, साच्यावर दाब कमी येतो, आणि पोकळ्या मोठ्या असल्यामुळे जमिनीची ओल वर चढत नाही. पाणी आरपार जाते हा गुण तेव्हा कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. उलट बाहेरून गिलावा करून तो झाकावा लागे.

खरा बदल झाला तो १९७० नंतर, अमेरिकेत, आणि विशेषतः फ्लोरिडात. तिथली जमीन वाळूची आणि सपाट, पाऊस मुसळधार, थंडीत जमीन गोठण्याची भीती जवळजवळ नाही. १९८२ मध्ये त्या राज्याने पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी नियम आणला. नव्या बांधकामाने आपल्या आवारातले पाणी, निदान सुरुवातीच्या सरींचे घाण पाणी, तसेच ओढ्यात सोडायचे नाही. त्यासाठी तळे खणावे लागे आणि तळ्याला जागा लागे. दुकानांच्या संकुलात पार्किंगनंतर उरणारी जागा तळ्यात गेली, तर बांधणाऱ्याचे गणितच कोलमडे. मग पार्किंगलाच तळे केले तर? पंधरा सेंटिमीटर जाडीच्या थरात २० टक्के पोकळी धरली, तरी त्यात ३० मिलिमीटर पाऊस मावतो. खाली ३० सेंटिमीटर खडीचा थर दिला आणि त्यात ४० टक्के पोकळी असली, तर आणखी १२० मिलिमीटर. साठलेले पाणी मग सावकाश जमिनीत मुरते. म्हणजे माल जुनाच होता, बदलला तो नियम. ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात बहुधा गाळली जाते.

देशाच्या पातळीवर १९७२ चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या नळांकडे बघत होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचे पाणी त्यात आणले. १९९० मध्ये एक लाखावर लोकवस्तीची शहरे परवान्याच्या कक्षेत आली, १९९९ च्या नियमांनी लहान शहरेही. त्यानंतर या काँक्रीटची मागणी वाढली आणि त्याचबरोबर एक वाद उभा राहिला, जो अजून मिटलेला नाही: परवानगीच्या अर्जात हे काँक्रीट कुठल्या रकान्यात लिहायचे?

छप्पर, डांबर, साधे काँक्रीट हे सगळे पाणी न मुरणारे क्षेत्र. हिरवळ आणि मोकळी माती हे मुरणारे. भूखंडाचा किती भाग झाकता येईल याची मर्यादा याच दोन आकड्यांवर ठरते, म्हणून रकाना बदलला की पैसा बदलतो. बांधणारे म्हणत, पाणी आरपार जाते तर हे हिरवळीच्या रकान्यात घाला. तपासणारे म्हणत, काँक्रीट ते काँक्रीटच. आज झिरपते, चार वर्षांनी धूळ बसली की फरशी.

पहिल्या बाजूचा हिशेब मजबूत आहे. नव्या थरातून दर चौरस मीटरला मिनिटाला ८० ते ७२० लिटर पाणी जाते. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, त्यामुळे सर्वांत कमी आकडा धरला तरी ते तासाला ४,८०० मिलिमीटर होतात. दहापैकी नऊ हिस्से बुजले तरी उरतात ४८०. एका तासात एवढा पाऊस कुठेच पडत नाही. पण या हिशेबात दोन भोके आहेत. गाळ सगळीकडे सारखा बसत नाही. शेजारच्या वाफ्यातली माती वाहून आली तर तिथला पट्टा पूर्ण बंद होतो. आणि शेवटी वेग ठरवते खालची जमीन. चिकणमाती असेल तर वरचे हजारो मिलिमीटर नुसते कागदावर. त्यामुळे काही ठिकाणी पूर्ण सवलत मिळाली, काही ठिकाणी अर्धवट, काही ठिकाणी मुळीच नाही. माझ्या मते अर्धवट सवलत देणारे सत्याच्या जास्त जवळ होते, फक्त तो अर्धा आकडा कुठून आला हे ते क्वचितच सांगत.

शब्दांनीही घोळ घातला. सच्छिद्र आणि पारगम्य हे एकच समजले गेले. साध्या काँक्रीटमध्येही सूक्ष्म छिद्रे असतात, पण ती नीट जोडलेली नसल्याने पाणी जवळजवळ जात नाही. इथे महत्त्व छिद्रांना नाही, त्यांच्या जोडणीला आहे. ‘वाळूविरहित’ हे जुने नाव तर पुढे खोटेच ठरले. थंड प्रदेशात पोकळीत गोठलेल्या पाण्याने थर फुटू नये, म्हणून २००० नंतरच्या दशकात थोडी वाळू परत घातली गेली, एकूण खडी-वाळूच्या ५ ते ७ टक्के.

बदनामीचा मोठा वाटा मात्र कारागिरीचा. साध्या काँक्रीटची सवय असलेले गवंडी मिश्रण कोरडे दिसले की पाणी ओतत. मग गारा खाली उतरून तळ बंद होई आणि वरची खडी सुटी पडे. पाणी कमी पडले किंवा ओल टिकवायचे प्लास्टिक झाकायला उशीर झाला तरी खडी निखळेच. शिवाय ताकद तपासायचे नेहमीचे ठोकळे इथे फसवतात, कारण जागेवरची दाबणी त्यांच्यात उतरत नाही. म्हणून २००८ मध्ये ताज्या मिश्रणाची घनता व पोकळी मोजायची प्रमाण चाचणी आली, आणि २००९ मध्ये झिरपण्याची. तीत ३०० मिलिमीटर व्यासाचे कडे पृष्ठभागावर चिकटवतात, आधी जागा भिजवून घेतात, मग मोजलेले पाणी ओतून वेळ नोंदवतात. साधीच चाचणी, पण तिच्यामुळे रकान्याच्या वादाला पहिल्यांदा आकडा मिळाला. त्यानंतर सवलत देणाऱ्या अनेक ठिकाणी झाडू-व्हॅक्यूमने सफाई आणि देखभालीचा लेखी करार परवान्याला जोडला जाऊ लागला.