‘मर्यादा वाढवा’: अडकलेल्या पानामागची पार्श्वभूमी

साइट उघडत नाही, ब्राउझरमधलं चक्र फिरत राहतं, एररही येत नाही. अशा वेळी अपॅची या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचा एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, उघडला की वर्षानुवर्षं एकच ओळ भेटायची: सर्व्हर मॅक्सक्लायंट्सच्या (एका वेळी किती कनेक्शन हाताळायची त्या सेटिंगच्या) मर्यादेला पोचला आहे, मर्यादा वाढवण्याचा विचार करावा. या ओळीतल्या शेवटच्या सल्ल्याने जितके सर्व्हर झोपवले तितके खऱ्या गर्दीने झोपवले नसतील.

त्याआधीच्या काळात दुखणी वेगळी होती. ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची भाषा म्हणजे एचटीटीपी. तिच्या १.० मध्ये पानावरच्या प्रत्येक चित्रासाठी नवं कनेक्शन उघडावं लागे. अपॅची १.३ च्या आधी होस्टनेम लुकअप मुळातच चालू असायचं. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव डीएनएसला (इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या वहीला) विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत त्याला दारात उभं ठेवायचं. १.३ पासून ते बंद झालं. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने कनेक्शन उघडं ठेवण्याची पद्धत, म्हणजे किपअलाइव्ह, हाच नियम केला. पुढच्या भांडणाचं बी इथे पडलं.

मर्यादा वाढवावी की नाही हे भांडण पेटलं ते प्रीफोर्क (अपॅचीची प्रोसेस चालवण्याची पद्धत) आणि मॉड-पीएचपी (पानं तयार करणारी पीएचपी भाषा अपॅचीच्या आतच चालवणारं मॉड्यूल) यांच्या दिवसांत, साधारण २००३ ते २०१०. एक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस (चालू प्रोग्रामची एक प्रत), आणि प्रत्येक प्रोसेसच्या पोटात अख्खं पीएचपी. सगळ्या प्रोसेस गुंतल्या की नवीन माणसाला नकार मिळत नसे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कनेक्शन स्वीकारून रांगेत ठेवून देई. अपॅचीची ही रांग मुळात ५११ ची, पण लिनक्स कर्नल ती १२८ वर कापत असे (२०१९ च्या ५.४ कर्नलने हा आकडा ४०९६ केला). म्हणून ब्राउझरला वाटे कनेक्शन झालंय, आता उत्तर येईलच. त्यात अ‍ॅक्सेस लॉगमध्ये नोंद पडते ती रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर. अडकलेली रिक्वेस्ट तिथे दिसतच नाही. साइट बंद, लॉग शांत, आणि शेजारच्या एरर लॉगमध्ये ती एकच ओळ. माणूस तीच धरणार.

आता हिशेब. १ जीबी रॅम, त्यातली ३०० एमबी डेटाबेसकडे. पीएचपीसकट एक प्रोसेस ३० एमबी धरली, तर उरलेल्या ७०० एमबीत जेमतेम २३ प्रोसेस मावतात. प्रीफोर्कची मूळ मर्यादा मात्र २५६. सामायिक मेमरी सोडून दिली तरी भरलेल्या सर्व्हरला ७,६८० एमबी हवी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरणं, सुरू होतो, प्रत्येक पान आणखी रेंगाळतं, रेंगाळल्याने प्रोसेस आणखी वेळ अडकून राहतात, मर्यादा पुन्हा भरते आणि लॉग पुन्हा म्हणतो, वाढवा. अपॅचीच्याच दस्तऐवजात वेब सर्व्हरवर स्वॅपची वेळ कधीही येता कामा नये असं बजावलेलं आहे. एकाच सॉफ्टवेअरचं पुस्तक एक सांगतं आणि लॉग दुसरंच सुचवतो.

वाढवणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मर्यादा खरोखरच कमी असेल आणि रॅम रिकामी असेल, तर आकडा वाढवणं हाच उपाय. घोळ नावात होता. ‘क्लायंट’ म्हणजे पाहुणा, असा सरळ अर्थ घेतला जाई: २५६ म्हणजे एका वेळी २५६ माणसं. प्रत्यक्षात तो आकडा प्रोसेसचा. अपॅची २.० मध्ये किपअलाइव्हची मुदत, म्हणजे रिकामं कनेक्शन धरून ठेवण्याचा वेळ, १५ सेकंद होती. एकेक कनेक्शनच उघडलं असं धरलं तरी पान उघडून निवांत वाचत बसलेली २३ माणसं अख्खा सर्व्हर अडवून ठेवत, तेही काही मागत नसताना. त्यात १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्यात एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त कनेक्शन ठेवू नयेत अशी शिफारस होती. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने ती संख्या सहावर नेली. मग चार वाचकही २३ प्रोसेसना पुरून उरले. ब्राउझर वेगवान झाले असं सगळे म्हणाले, पण त्या वेगाचं बिल छोट्या सर्व्हरच्या नावावर फाटलं, हे फारसं कुणी बोललं नाही.

यावर तोडगेही परस्परविरोधी. अपॅचीने २.२ मध्ये (डिसेंबर २००५) मुदत १५ वरून ५ सेकंदांवर आणली. लिनक्सच्या दोन अवतारांपैकी सेंटओएस ५ आणि ६ च्या तयार कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) किपअलाइव्ह सरळ बंदच असे, डेबियनमध्ये चालू. एकाच दुखण्यावर दोन वैद्य, त्यामुळे एकीकडचा सल्ला दुसरीकडे चिकटवला की नवीनच तक्रार उभी राही. फेब्रुवारी २०१२ च्या २.४ मध्ये नावच बदललं: मॅक्सक्लायंट्सचं मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स झालं. जुनं नावही चालत राहिलं, म्हणून गोंधळ पूर्ण गेला नाही. एरर लॉगमधल्या वाक्यात नवं नाव आलं. ‘वाढवा’ तसंच राहिलं.

खरा चोर बहुतेक वेळा मागच्या खोलीत, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये किंवा पीएचपीत असे. मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या इंजिनच्या टेबलवर एखादी लांबलचक सिलेक्ट (वाचणारी क्वेरी) चालू असताना ‘किती जणांनी वाचलं’ असल्या मोजणीची एक अपडेट (बदल लिहिणारी क्वेरी) आली, की ती थांबते आणि तिच्यामागे पुढच्या सगळ्या सिलेक्ट थांबतात. संथ क्वेरी नोंदवणाऱ्या स्लो क्वेरी लॉगची मुदत मुळात १० सेकंद, आणि त्यात सुरुवातीच्या लॉकसाठी थांबलेला वेळ मोजला जात नाही. म्हणजे ताटकळलेल्या पन्नास क्वेरी तिथे दिसणारच नाहीत. मायएसक्यूएलच्या प्रोसेस लिस्टमध्येच त्यांच्यापुढे ‘लॉक्ड’ दिसे. अख्खं टेबल न अडवता फक्त लागतील त्या ओळी कुलूपबंद करणारं इनोडीबी मूळ इंजिन झालं ते मायएसक्यूएल ५.५ मध्ये, डिसेंबर २०१० ला. पीएचपी सेशनची (एकेका पाहुण्याची माहिती लक्षात ठेवण्याच्या सोयीची) गंमत निराळी: सेशनची फाइल स्क्रिप्ट संपेपर्यंत कुलूपबंद असते, त्यामुळे त्याच माणसाची दुसरी टॅब अडकते आणि इतरांचं सुरळीत चालतं. ‘माझ्याकडे तर उघडतंय’ या वाक्यावर गेलेले तास मोजण्यासारखे आहेत. अशा वेळी अपॅचीची मर्यादा वाढवणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तरी निदानाचं साधन हाताशी होतं. अपॅचीच्या मॉड-स्टेटस या मॉड्यूलच्या पानावर प्रत्येक प्रोसेसचं एकेक अक्षर दिसतं. ‘के’ची माळ असेल तर किपअलाइव्ह, ‘डब्ल्यू’ची असेल तर मागे पीएचपी किंवा डेटाबेस, ‘आर’ची असेल तर समोरचा माणूस रिक्वेस्टच सावकाश पाठवतोय. जून २००९ मध्ये स्लोलोरिस हे हल्ल्याचं साधन आलं ते नेमकं या ‘आर’वर बेतलेलं, अर्धवट हेडर थेंबथेंब पाठवून एका लॅपटॉपवरून सर्व्हर अडवता येऊ लागला. पुढच्याच वर्षी अपॅची २.२.१५ मध्ये त्यावर रिक्वेस्ट वाचण्याच्या मुदतीचं मॉड्यूल आलं.

दरम्यान २००४ मध्ये एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर जाहीर झाला होता. एका प्रोसेसमध्ये हजारो कनेक्शन, त्यामुळे निवांत वाचणाऱ्यांचा भार जवळपास संपला. लक्षणाचं रूपही बदललं: न संपणाऱ्या चक्राऐवजी ६० सेकंदांनी ५०४ चं (मागून वेळेत उत्तर आलं नाही असं सांगणारं) पांढरं पान. निदान काहीतरी कळतं. ब्राउझरकडचे शब्दही बदलले. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘स्टॉल्ड’ दिसलं की लोक सर्व्हरवर खापर फोडतात, पण तो वेळ रिक्वेस्ट ब्राउझरमधून निघण्याआधीचा असतो, कित्येकदा त्याच सहा कनेक्शनच्या रांगेतला. २०१५ च्या एचटीटीपी २ ने ती रांग बरीचशी मोडली.

एन्जिनएक्समागे पीएचपी चालवायला बहुधा पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस वेगळ्या सांभाळणारा प्रोग्राम, वापरतात. जुलै २०१० मध्ये, ५.३.३ सोबत, ते पीएचपीत दाखल झालं. प्रोसेसची मर्यादा तिथेही आहे, नाव ‘मॅक्स चिल्ड्रन’, आणि ती भरली की लॉगमध्ये जवळपास तीच जुनी ओळ येते, ‘वाढवा’सकट. फरक इतकाच की सोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये हा आकडा ५ आहे. निकालाच्या दुपारी नव्हे, साध्या मंगळवारीही सहावा माणूस रांगेत उभा राहतो. मॅक्सक्लायंट्सच्या काळात हात पोळलेले लोक आता ४ जीबीच्या मशीनवरही या आकड्याला हात लावत नाहीत, आणि इथे मात्र लॉग बहुधा खरं बोलत असतो.