समुद्रतळाचं ध्वनिचित्र : साइडस्कॅन सोनारचं काम देण्याआधी वाचावं असं

आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये जेट्टी बांधणारे ठेकेदार असतात, जाळी फाटून हैराण झालेल्या मच्छीमार सोसायट्या असतात, पाण्याखालून केबल किंवा पाइप टाकणाऱ्या कंपन्या असतात, कधी बुडालेली बोट शोधणारा मालक असतो. बहुतेकांची मागणी एकच असते: “खाली काय आहे त्याचा फोटो काढून द्या.”

कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी पाणी इतकं गढूळ असतं की कॅमेरा सोडला तरी पडद्यावर मातकट रंगापलीकडे काही येत नाही. पाणबुड्यालाही हातांनी चाचपत काम करावं लागतं. आवाजाला मात्र गढूळपणाची अडचण होत नाही, म्हणून तळाचं चित्र आम्ही आवाजाने काढतो. ज्या यंत्राने ते काढतो त्याला साइडस्कॅन सोनार म्हणतात. हे चित्र फोटोसारखं दिसतं, पण तो फोटो नव्हे आणि खोलीचा नकाशाही नव्हे. ते कसं तयार होतं आणि कसं वाचायचं हे कळलं, तर तुम्ही नेमकं काय मागायचं ते ठरवू शकता आणि आम्ही दिलेलं काम तपासूही शकता. तुम्ही ते तपासावं अशी आमची मनापासून इच्छा आहे.

चित्र कसं तयार होतं

टॉर्पेडोच्या आकाराचं एक यंत्र, ज्याला टोफिश म्हणतात, ते केबलने बोटीमागे ओढलं जातं किंवा उथळ पाण्यात बोटीच्या कडेला दांड्यावर बसवलं जातं. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाने आवाजाचा पंखा बाहेर पडतो. हा पंखा बोटीच्या आडव्या दिशेने खूप रुंद आणि बोटीच्या चालीच्या दिशेने अगदी अरुंद असतो, एका अंशाहूनही कमी. तळावर आपटून परत आलेला आवाज किती वेळाने आला यावरून अंतर कळतं आणि किती जोराने आला यावरून तळ कसा आहे ते कळतं. एकदा सोडलेल्या आवाजाला पिंग म्हणतात, आणि एका पिंगमधून चित्राची एक ओळ मिळते. बोट पुढे सरकते तशा ओळीला ओळ लागते आणि चित्र भरत जातं.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रत्येक बाजूला ७५ मीटरपर्यंत बघायचं ठरवलं, तर जाऊन-येऊन १५० मीटर, म्हणजे एका पिंगला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदाला १० पिंग. बोट ४ नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटर चालली, तर दर २० सेंटिमीटरला एक ओळ पडते. एक मीटर लांबीच्या वस्तूवर पाच ओळी येतात आणि ती ओळखता येते. तीच बोट ८ नॉटने पळवली तर दोन-तीन ओळीच येतात, आणि ती वस्तू चित्रात एखाद्या ठिपक्यासारखी हरवून जाते. “लवकर आटपा, बोट जरा जोरात घ्या” असं आम्हाला कधी कधी सांगितलं जातं. घाईत वाचवलेला वेळ चित्रातून वजा होतो, म्हणून आम्ही बोटीचा वेग वाढवत नाही.

पंखा कितीही अरुंद असला तरी लांब गेल्यावर पसरतो. अर्ध्या अंशाचा पंखा २५ मीटरवर सुमारे २२ सेंटिमीटर रुंद असतो, ७५ मीटरवर तो ६५ सेंटिमीटर होतो. जवळजवळ पडलेले दोन दगड चित्राच्या मधल्या भागात दोन दिसतात आणि कडेला तेच एक दिसू शकतात. कडेच्या भागावर निर्णय घेण्याआधी बोटीच्या शेजारच्या वाटेवरून घेतलेलं चित्र मागा.

सावली

कलत्या उन्हात शेतातली ढेकळं जशी उठून दिसतात, तशी तळावरची वस्तू या चित्रात तिच्या सावलीमुळे उठून दिसते. तळापासून वर आलेल्या वस्तूमागे आवाज पोचत नाही, तिथून काही परत येत नाही, आणि तेवढा भाग रिकामा राहतो. नवखा माणूस चकाकणाऱ्या ठिपक्याकडे बघतो. आम्ही आधी सावलीकडे बघतो, कारण वस्तूचा आकार बहुतेक वेळा सावलीतच स्पष्ट असतो. बोटीच्या नांगराचा फाळ, डोल जाळ्याचा खुंट, बुडालेल्या होडीची नाळ, मोडलेला डोलकाठीचा तुकडा, हे सावलीत कातरून काढल्यासारखं दिसतं.

सावलीवरून उंचीही काढता येते. सावलीची लांबी गुणिले टोफिशची तळापासूनची उंची, भागिले टोफिशपासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरपं अंतर. समजा टोफिश तळापासून ८ मीटर वर आहे, सावली ६ मीटर लांब आहे आणि तिचं टोक ४० मीटरवर आहे. सहा आठे अठ्ठेचाळीस, भागिले चाळीस, म्हणजे वस्तू १.२ मीटर उंच. बंदरात बोटीच्या तळाखाली किती पाणी उरतं याची चिंता असलेल्या माणसाला हा आकडा लाखमोलाचा असतो. मात्र हा हिशोब सपाट तळावरच खरा. उतारावर सावली ताणते किंवा आखडते, आणि तसं असेल तर आम्ही अहवालात ते लिहितो.

सावली वस्तूपासून सुटी दिसत असेल तर वस्तू तळाला टेकलेली नाही: तरंगतं जाळं असेल, दोरावरचा बोया असेल किंवा माशांचा थवा. आणि आधी सावली, नंतर चकाकी असा उलटा क्रम दिसला तर तो खड्डा असतो. वाळू उपसलेल्या जागा अशाच ओळखू येतात.

तळाच्या जातीबद्दल ढोबळ नियम असा, की खडक, गोटे आणि लोखंड आवाज जोरात परत करतात, मऊ चिखल तो पुष्कळसा शोषतो, वाळू मधली. वाळूच्या लाटा पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात आणि त्यावरून प्रवाहाची दिशा कळते. ट्रॉलरच्या फळ्यांनी ओढलेल्या समांतर रेघाही दिसतात. चकाकी कुठल्या रंगात आणि सावली कुठल्या रंगात दाखवायची हे मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीवर असतं. काही जण सावली काळी ठेवतात, काही पांढरी. आम्ही काळी ठेवतो आणि प्रत्येक पानावर तसं छापतो.

हे चित्र काय सांगत नाही

पहिली गोष्ट, खोली. नौकामार्गात किती पाणी आहे हे हवं असेल तर इकोसाउंडरचं किंवा मल्टिबीमचं, म्हणजे आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्रांचं, काम वेगळं घ्यावं लागतं. बऱ्याचदा दोन्ही एकाच फेरीत होतात, फक्त ते आधी ठरलेलं हवं.

दुसरी, गाळाखाली काय आहे ते. साइडस्कॅन फक्त तळाचा पृष्ठभाग बघतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे युद्धनौकेचं प्रसिद्ध उदाहरण. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरोल्ड एजर्टन यांच्या सोनारने तळावर वेगळी दिसणारी जागा दाखवली, पण जहाजाचा सांगाडा गाळात पुरलेला होता. तिथे गाळात शिरणाऱ्या ध्वनियंत्राची आणि पुढे पाणबुड्यांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांची गरज लागली. जहाज वर आलं ते ऑक्टोबर १९८२ मध्ये. तुमची हरवलेली वस्तू पावसाळ्यातल्या गाळाखाली गेली असेल, तर नुसत्या साइडस्कॅनवर पैसे घालू नका. लोखंडी असेल तर सोबत लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर घेऊ, नाहीतर गाळात शिरणारं यंत्र घेऊ.

तिसरी, वस्तूचं नाव. चित्रात आकार आणि माप दिसतं, वस्तू नेमकी काय आहे ते नाही. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान जून २००९ मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलं. ते एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३९०० मीटर खोलीवर सापडलं. स्वयंचलित पाणयानांच्या साइडस्कॅन चित्रात सपाट तळावर अवशेषांचा पुंजका दिसला, आणि त्यानंतर कॅमेऱ्याने जवळून फोटो काढल्यावरच खात्री झाली. इतक्या मोठ्या शोधात जी शिस्त पाळली गेली तीच आम्ही खाडीतल्या कामातही पाळतो. आमच्या अहवालात “होडीसारखा आकार, लांबी ९ मीटर, पाणबुड्याकडून खात्री करावी” असं लिहिलेलं सापडेल. ठामपणे नाव लिहून देणाऱ्याला, त्याने खाली जाऊन पाहिलं आहे का, एवढं जरूर विचारा.

आणि टोफिशच्या बरोबर खालचा पट्टा नीट दिसत नाही. म्हणून बोटीच्या वाटेच्या ओळी एकमेकींवर चढवून घ्याव्या लागतात, म्हणजे एका ओळीखालचा आंधळा पट्टा शेजारच्या ओळीत भरून निघतो.

खर्च कशावर ठरतो

मुख्य प्रश्न हा, की तुम्हाला किती लहान वस्तू दिसायला हवी. १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज शेकडो मीटर जातो पण चित्र जाडंभरडं येतं. ४०० ते ५०० किलोहर्ट्झला साधारण शंभरेक मीटरपर्यंत चांगलं चित्र मिळतं. ९०० किलोहर्ट्झला बारकावे उत्तम, पण पल्ला त्याहून बराच कमी.

टोफिशची तळापासूनची उंची पल्ल्याच्या १० ते २० टक्के असावी लागते. ५० मीटर पल्ल्याला ५ ते १० मीटर. खाडीत मुळात पाणीच ६-७ मीटर असेल तर पल्ला आपोआप लहान ठेवावा लागतो आणि ओळी वाढतात.

एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन धरा. पल्ला ५० मीटर आणि ओळींमधलं अंतर ४० मीटर ठेवलं तर प्रत्येक जागा दोन बाजूंनी दिसते, आणि साधारण २५ किलोमीटर चालावं लागतं. ४ नॉटने साडेतीन तास नुसत्या ओळींचे, त्यावर प्रत्येक टोकाला रुंद वळण. ओहोटीला पाणी कमी झालं की काम थांबतं, त्यामुळे उथळ खाडीत हे एका भरतीत बसत नाही. ओळींमधलं अंतर ८० मीटर केलं तर चालणं निम्मं होतं, पण पल्लाही तेवढाच वाढवावा लागतो, आणि मग लहान वस्तू सुटण्याची शक्यता वाढते. मोठ्या बंदरांच्या कामात आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेची मानकं लागू असतात. सर्वांत कडक दर्जांमध्ये मोडणाऱ्या विशेष दर्जाला एक मीटर घनाची वस्तू ओळखू यावी लागते. तुमच्या निविदेत कुठला दर्जा लिहिला आहे ते आम्हाला आधी कळवा, दर त्यावरच ठरतो.

जागा बरोबर आहे का

चित्र सुंदर आणि जागा चुकीची, हा या कामातला सगळ्यात घातक प्रकार आहे. जीपीएस बोटीवर असतो, टोफिश तिच्या मागे पाण्यात. केबल किती सोडली, टोफिश किती खोल आहे, प्रवाहाने ती बाजूला सरकली का, हा हिशोब चुकला तर खडक नकाशात वीस-तीस मीटर भलतीकडे जातो. खडकावर बोट घालायला तेवढं पुरतं.

तपासणी सोपी आहे. एखादी ठळक वस्तू निवडून तिच्याजवळून एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना चित्र घ्यायचं. दोन्ही वेळी वस्तू एकाच जागी पडली तर हिशोब बरोबर. चार मीटरच्या फरकाने पडली तर मागचं अंतर दोन मीटरने चुकलं आहे, ते दुरुस्त करून मगच पुढचं चित्र जोडायचं. ही जाण्या-येण्याची जोडी आम्ही प्रत्येक कामाच्या अहवालात लावतो. उथळ खाडीत आम्ही टोफिश दांड्यावरच बसवतो, म्हणजे हा प्रश्न जवळपास उरत नाही.

समुद्र कधी साथ देतो

पावसाळ्यात आम्ही समुद्रात काम घेत नाही. पाऊस संपल्या संपल्या खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर असतात, त्यातून जाताना आवाज वाकतो आणि चित्राच्या कडा लहरी येतात. थर मोडेपर्यंत थांबलेलं बरं. फेब्रुवारीनंतर दुपारी वारा उठतो आणि बोट डोलायला लागली की चित्रही डोलतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे निघून दुपारच्या आत परततो. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो आणि ओळी सरळ धरता येतात. उधाणाला खाडीत पाणी जास्त मिळतं पण ओढही जास्त असते. कुठलं निवडायचं ते जागा बघून ठरतं, आणि ते ठरवताना आमच्या यंत्रांइतकंच गावच्या तांडेलाचं मत मोलाचं असतं. कुठल्या वावात, म्हणजे किती खोलीवर, खडक लागतो, कुठे जाळं अडकतं, हे तो चित्र निघण्याआधीच सांगतो.

नुकतीच गेलेली बोट पाण्यात बुडबुड्यांचा पट्टा सोडते आणि तो चित्रात ढगासारखा उमटतो. शेजारच्या बोटींचे मासे शोधणारे सोनार चालू असतील तर चित्रावर बारीक ठिपक्यांच्या रेघा येतात. कामाच्या वेळी ते बंद ठेवण्याची विनंती आम्ही करतो आणि आमचे मच्छीमार बंधू ती मानतात.

जुनं जहाज सापडलं तर

लाकडी जहाज खडकाळ तळावर कुजलं की चित्रात खडक आणि अवशेष वेगळे काढणं कठीण होतं. गोव्याच्या समुद्रात सुंची खडकाजवळच्या सतराव्या शतकातल्या जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी तपासले, तेव्हा हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी अशा वस्तू हाती आल्या. अशा वस्तू एकदा जागेवरून हलल्या की त्यांची निम्मी गोष्ट नाहीशी होते. म्हणून जुन्या अवशेषाची शंका आली तर आम्ही त्या जागेचे अक्षांश-रेखांश ग्राहक आणि संबंधित सरकारी खातं यांच्याशिवाय कुणालाही देत नाही, आणि वस्तू वर काढण्याचं काम घेत नाही.

येताना काय आणावं

जागेच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, बंदर अधिकाऱ्यांची परवानगी किंवा निदान अर्जाची प्रत, आणि तुम्हाला दिसायला हवी असलेली सगळ्यात लहान वस्तू किती मोठी आहे तो आकडा. त्या भागात डोल जाळी लागत असतील तर खुंटांच्या जागा सोसायटीकडून लिहून आणा. केबल खुंटात अडकली तर टोफिशही जाते आणि जाळंही.

काम झाल्यावर तुम्हाला जोडलेलं चित्र, सापडलेल्या वस्तूंची यादी मापं आणि जागांसह, आणि जाण्या-येण्याच्या तपासणीची पानं मिळतील. सोबत मूळ नोंदी एक्सटीएफ या सोनारच्या फाइलींच्या स्वरूपात देतो. त्या न विसरता घ्या आणि जपून ठेवा. दोन वर्षांनी तळ बदलला की नाही हे बघायचं झालं तर दुसरी कुठलीही पेढी त्याच नोंदींवरून तुलना करू शकेल.