लायसन्स देशाचं, पासिंग राज्याचं: सीमाभागातल्या ड्रायव्हिंग परीक्षेची पार्श्वभूमी

निपाणीत, खानापुरात किंवा बेळगावच्या खडेबाजारात गाड्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या पोराचं लायसन्स केए-22 चं आहे, नोकरी लागली कोल्हापुरात, आता ते बदलून घ्यायला लागतंय काय?" नाही लागत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 13 प्रमाणे देशातल्या कुठल्याही आरटीओनं दिलेलं लायसन्स सगळ्या भारतात चालतं. गाडीचं मात्र तसं नाही. केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली, गाडी महाराष्ट्रात 12 महिन्यांहून जास्त काळ ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला कर भरावा लागतो. कोगनोळीच्या नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांमध्येही या दोन गोष्टींची सरमिसळ होते. मग माणसं नको त्या कागदासाठी एजंटाला पैसे मोजतात आणि हवा तो कागद करायचा राहून जातो.

या फरकाचं मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. यंत्रावर चालणारी वाहनं हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, येतो, त्यामुळे लायसन्सचा कायदा केंद्रानं केला आणि तो सगळीकडे एकच आहे. वाहनांवरचा कर मात्र राज्यसूचीत आहे. म्हणजे चालक देशाचा आणि गाडीचा कर राज्याचा. सीमेवर राहणाऱ्याला हे पाठ असायला हवं.

कायदा सुरुवातीपासून असा एकसारखा नव्हता. मोटारी हिंदुस्थानात आल्या तेव्हा प्रत्येक प्रांतानं आपापला कायदा केला. बंगालनं 1903 मध्ये केला, मुंबई इलाख्यानं 1904 मध्ये. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातला जिल्हा, त्यामुळे इथं मुंबईचाच कायदा लागू होता. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला कायदा 1914 मध्ये झाला. लायसन्सशिवाय गाडी चालवायची नाही आणि 18 वर्षांखालच्या मुलानं सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायची नाही, या दोन अटी त्यात होत्या. शंभराहून जास्त वर्षं झाली, कारसाठी वयाची अट आजही तीच आहे.

परीक्षेला ठरलेलं रूप आलं ते 1939 च्या कायद्यानं. चालकाला काय काय करता आलं पाहिजे, याची यादी त्या कायद्याच्या परिशिष्टातच घातली होती. त्याआधीच्या परिशिष्टात कोणत्या आजारांमुळे लायसन्स नाकारायचं, ते दिलं होतं. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "साहेबाला पटलं तर पास" या पद्धतीच्या जागी "हे हे करून दाखवलंस तर पास" असं कागदावर आलं. अधिकाऱ्याची मर्जी त्यानं संपली नाही, पण तिच्यावर बोट ठेवायला आधार मिळाला.

मग 1 नोव्हेंबर 1956 आला. राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. त्या दिवसानं इथल्या मराठी माणसाचं काय काय हिरावलं, ते नव्यानं सांगायला नको. शाळा, कचेरी, सातबारा, सगळीकडे ती रेघ उमटली. मोटार वाहन कायदा मात्र दोन्ही बाजूंना तोच राहिला, कारण तो केंद्राचा होता आणि 1951 पासून पूर्वीच्या म्हैसूर संस्थानाच्या मुलुखालाही लागू झालेला होता. बदलले ते त्याखालचे राज्याचे नियम. म्हैसूर राज्यानं 1963 मध्ये आपले मोटार वाहन नियम केले, आणि कचेरीतली भाषा हळूहळू कन्नड होत गेली.

आज चालतो तो कायदा 1988 चा. तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि त्याच्याच जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम आले. केए, एमएच ही अक्षरंही त्याच वर्षीची. बेळगावला केए-22 मिळालं, चिक्कोडीला 23, बैलहोंगलला 24, पुढं गोकाकला 49. निपाणीची गाडी चिक्कोडीकडची म्हणून केए-23, आणि खानापूर बेळगावात येतं.

या नियमांमधली परीक्षा दोन पायऱ्यांची आहे. पहिली एलएलआर, म्हणजे शिकाऊ लायसन्स. अर्जासोबत नमुना 1 भरायचा असतो. तो आपल्या तब्येतीबद्दलचा स्वतःचा जबाब असतो. घाईघाईत टिकमार्क करून लोक तो उरकतात, पण त्यातला एक प्रश्न थांबून वाचण्यासारखा आहे: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते काय? चष्मा लावून आली तरी चालते. तुम्ही स्वतः रस्त्याकडेला उभे राहून हे करून बघा. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणांना चष्म्याचा नंबर वाढल्याचं तिथंच कळेल. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा दाखला, म्हणजे नमुना 1-अ, वेगळा लागतो. रंगांधळ्यांना पूर्वी सरसकट नकार मिळायचा. जून 2020 च्या दुरुस्तीनं सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाट मोकळी झाली.

एलएलआरच्या परीक्षेचे विषय नियम 11 मध्ये दिलेत: वाहतुकीची चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीत बाळगायचे कागद. 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास. क्रॉसिंगचा प्रश्न जुन्या काळातून आलेला आहे. कंडक्टर किंवा क्लीनरनं खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग गाडी पुढं घ्यायची. तो नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं. ब्रॉडगेजवरची अशी विनाफाटक क्रॉसिंग 2019 च्या सुरुवातीपर्यंत देशभर बंद झाली, प्रश्न मात्र कायद्यात राहिला. राहू दे. उतरून बघण्याची सवय लागली तर ती शेतातून हमरस्त्यावर येणाऱ्या वाटेवरही उपयोगी पडते.

इथं भाषेचा मुद्दा मांडायलाच हवा. चिन्हांचं काम चित्रावर भागतं. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधानता, चौकोन म्हणजे माहिती, हे कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला कळतं. पण कलम 134 चित्रात मावत नाही. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय करायची, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि 24 तासांच्या आत कळवायचं, विमा कंपनीला माहिती द्यायची. पळून जायचं नाही. हे माणसाला आपल्या भाषेत कळलं पाहिजे, कारण ऐन प्रसंगी डोकं आपल्याच भाषेत चालतं. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं होतं. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात अल्पसंख्याक भाषकांची वस्ती 15 ते 20 टक्के आहे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत, असं त्यात म्हटलं होतं. मराठीतून कागद मिळावेत ही महाराष्ट्र एकीकरण समितीची जुनी मागणी आहे, आणि लोक ती सातबारा-उताऱ्यापुरतीच धरतात. रस्त्याचे नियम तर जिवाशी गाठ असलेले. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. खानापूरच्या पोराला अपघातानंतर काय करायचं ते मराठीतून सांगायला त्या निकालाची वाट बघायचं कारण नाही. कन्नड शिकावं, जरूर शिकावं, इथं राहायचं तर ते आलंच पाहिजे. पण ते येईपर्यंत त्याच्या हातात स्टिअरिंग असणारच आहे.

एलएलआर सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. या तीस दिवसांत गाडी चालवायची तर शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, तोही वेळ पडली तर गाडी थांबवता येईल असा. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल. त्या पाटीचंही माप ठरलेलं आहे: 18 सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात 10 सेंटिमीटर उंचीचं अक्षर. खासगी कारसाठी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला सक्तीचा नाही. बापानं, मामानं शिकवलेलं पोरगंही परीक्षा देऊ शकतं. तरी स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि पहिल्या आठवड्यात तो फार मोलाचा.

मग ब्रेक इन्स्पेक्टरसमोरची, म्हणजे मोटार वाहन निरीक्षकासमोरची, परीक्षा. तिच्याबद्दल आपल्याकडं बोललं जातं ते एवढंच की मागं घ्यायला लावतात आणि वळवायला लावतात. नियम 15 मधली यादी उघडून वाचली तर वाटतं, ही घाटासाठीच लिहिली आहे. उतारावर झटकन खालच्या गिअरला येता आलं पाहिजे. खड्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, गाडी जराही मागं न सरकता पुन्हा उचलता आली पाहिजे. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या वळणावर पावसाळ्यात पुढचा ट्रक अचानक थांबतो, धुक्यात त्याचे मागचे दिवे तेवढे दिसतात आणि आपल्या मागं एसटी लागलेली असते. तेव्हा हीच दोन कलमं कामाला येतात. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याची क्लचप्लेट जळते. हँडब्रेक ओढून, क्लच सोडत, इंजिनाचा आवाज बदलला की हँडब्रेक खाली करणारा सुखानं चढतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे. सपाट मैदानावर दोन मिनिटांत उरकलेल्या परीक्षेत यातलं काहीच तपासलं जात नाही, आणि मला राग त्याचाच येतो. यादीत सगळं आहे, ती पुरती वापरली जात नाही. आता जे स्वयंचलित ट्रॅक उभे राहतायत, त्यात चढावर थांबून निघण्याचा टप्पा असतो आणि कॅमेरे व सेन्सर नोंद ठेवतात. हे फार पूर्वी व्हायला हवं होतं.

नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालं तर 60 दिवस थांबायचं. केंद्राच्या दरपत्रकाप्रमाणे, डिसेंबर 2016 पासून, एलएलआरला 150 रुपये, त्याच्या परीक्षेला 50, गाडीच्या परीक्षेला 300 आणि लायसन्सला 200. राज्याचे थोडे वरचे आकार वेगळे. एजंट सांगतो तो आकडा या बेरजेशेजारी ठेवून बघावा.

2019 च्या दुरुस्तीनं सीमाभागाला लागू पडणारे दोन-तीन बदल झाले. पूर्वी आपल्या हद्दीतल्याच आरटीओत जावं लागायचं. आता राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतो. म्हणजे निपाणीचा माणूस बेळगावातही परीक्षा देऊ शकतो. कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडं द्यायची असेल, तर तिथं राहतो किंवा धंदा करतो हे दाखवावं लागतं. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकत असला तरी कायदा मोकळीक देतो, हे कमी जणांना माहीत आहे. बेळगावात भाड्यानं राहणाऱ्या चंदगडच्या पोरांना हीच तरतूद उलट दिशेनं उपयोगी आहे. नूतनीकरणाला तर राज्याचीही अट नाही. मात्र मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती. मुदतीचा हिशेबही बदलला. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं. आणि अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

मे 2024 मध्ये व्हॉट्सॲपवर बातमी फिरली की 1 जूनपासून आरटीओची परीक्षाच बंद. तसं काही झालं नव्हतं, आणि केंद्रीय मंत्रालयानंही तसा खुलासा केला. नियम जुनाच होता, 1 जुलै 2021 पासूनचा: मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात चार आठवड्यांत 29 तासांचा अभ्यासक्रम पुरा करून तिथली परीक्षा पास झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. अशा केंद्राला हलक्या वाहनांसाठी एक एकर जागा लागते. गल्लीतलं साधं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे हे केंद्र नव्हे, प्रवेश घेण्याआधी विचारून घ्यावं.

शेवटचा बदल न्यायालयातून आला, आणि ऊस-भाजीच्या या मुलखात तो फार कामाचा आहे. हलकं वाहन कशाला म्हणायचं याची मर्यादा 1994 मध्ये 6,000 किलोवरून 7,500 किलो झाली, आणि व्याख्येत ट्रॅक्टरही आहे. पण कारचं लायसन्स असलेल्यानं मालवाहू पिकअप चालवला आणि अपघात झाला, की विमा कंपन्या लायसन्सवर मालवाहू गाडीचा वेगळा शेरा नाही म्हणून हात वर करायच्या. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा वेगळा शेरा लागत नाही असं ठरवलं, आणि 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते कायम केलं. खानापुरातून भाजी भरून पहाटे बेळगावच्या मार्केट यार्डात येणाऱ्या पिकअपचं एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. चालकाचं वय मात्र 20 पूर्ण असावं लागतं. मालवाहू गाडीसाठीची ती अट कायद्यात आहे तशीच आहे.